वाळूतली नवरी

तंजावूर,
१२ मे १९९४

प्रिय सरोजाअक्का,

भावजींची बदली जैसलमेरला झाली तेव्हा मी तुला किती चिडवलं होतं, कावेरीकाठची पोर आता वाळूत आंघोळ करणार म्हणून! आता तुझ्या पत्रासाठी मीच दारात उभी असते. तुझ्या दूधवालीने सांगितलेली ती नवरी डोक्यातून जात नाही. सासरी निघाली, अर्ध्या वाटेत वाळूच्या टेकडीवर बसली, पुढे येत नाही म्हणाली, आणि बसली तिथेच पाणी लागलं. तिकडे म्हणे प्रत्येक टेकडीची अशी गोष्ट असते. असणारच. जिथे काही नाही तिथे माणसाला सगळं स्वतः रचावं लागतं. इथे देव, नदी, भातशेतं, सगळं आधीच भरलेलं आहे. माझ्या गोष्टीला तसूभर जागा नाही.

इकडे धंदा जोरात आहे. मद्रासच्या नव्या हॉटेलांना, अमेरिकेतल्या लोकांना तंजावूर चित्रं हवीत. म्हणून मामंजींच्या कारखान्यात मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लोणी खाणारा कृष्ण रंगवते. त्याच त्या कृष्णाचे गाल फुगवून जीव विटला आहे.

गेल्या महिन्यात मी चोरून एक चित्र केलं. फळीवर खाली सोन्याच्या वर्खाची टेकडी, तिच्यावर पाठमोरी बसलेली एवढीशी नवरी, आणि वर नुसता फिका रंग. ना महिरप, ना खडे. आपल्या चित्रांत बोटभर जागा मोकळी सोडत नाहीत, तुला माहीतच आहे. ती सोडताना मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. वाळत ठेवलेली ती फळी मामंजींना सापडली. ते रागावले नाहीत गं. त्यांना वाटलं, सून दमली, काम अर्धवट राहिलं. मायेने स्वतः बसून त्यांनी महिरप काढली, खडे बसवले आणि नवरीच्या जागी कृष्ण रंगवला. मग मला बोलावून दाखवला. मी छान झालंय म्हणाले आणि पुढच्या फळीला बसले.

हे पत्र आईने शिकवलेल्या देवनागरीत लिहिते आहे, कारण या घरात सगळे तमिळ नाहीतर इंग्रजीच वाचतात, ती कुणाला वाचता येत नाही. वरुणराव नवरा म्हणून चांगले आहेत, पण वडिलांपुढे चकार शब्द काढत नाहीत. आई गेल्यापासून तुझ्याशिवाय मला माहेर नाही. म्हणून तुला खोटं बोलायला सांगते. पत्र मिळताच तार कर, इंग्रजीत, सगळ्यांना वाचता येईल अशी: सरोजा फार आजारी आहे, अखिलाला ताबडतोब पाठवा. त्याशिवाय मला कुणी सोडणार नाही. आणि अक्का, मी आले की परत कधी जाणार, एवढं मात्र विचारू नकोस.

तुझीच,
अखिला