तुटक रेषेपर्यंत

८ जानेवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

सायकलची बॅटरी निम्मी वर आली आणि तुझ्या कॅरिअरला डोकं आपटून थांबली. आता ती धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने तुला लिहिते आहे. फोनवर मी नुसतं हो हो म्हणते, म्हणून पत्र.

कॅरिअर देखणं आहे. वेल्डिंगवरून बोट फिरवलं तर कुठे खरखर लागत नाही, रुंदीही माझ्या कागदाबरहुकूम. पण ही बॅटरी सीटच्या मागून सरळ वर ओढून काढायची असते, आणि नेमकं तिच्या डोक्यावर तू छप्पर घातलंस. प्रवासात रोज मुक्कामाला ती काढून खोलीत चार्जिंगला लावायची. त्यासाठी रोज सगळे बोल्ट सोडत बसू का?

दुसरं गाऱ्हाणं पिशव्यांचं. दवाखान्याच्या गादीचं हिरवं रेक्झिन वापरलंस ते बरं केलंस, पाणी शिरायचं नाही. मात्र गल्लीच्या टोकापर्यंत गेले तर पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीवर. शेजारच्या शिंप्याने विचारलं, आत कोणी आहे का, सारखं दार ठोठावताय ते.

माप कोणाचं चुकलं ते कळव. माझं नसावं. नकाशे काढण्यात जन्म गेला.

जायचं मात्र नक्की. नदीच्या मुखाशी मी माझ्या हाताने एक तुटक रेषा काढली होती. मोजणीदार तिथवर पोचलाच नव्हता. नदीला तिथे दुसरा फाटा असावा, असा त्याचा अंदाज होता. साहेब म्हणाले, खात्री नाही तर तुटक काढा. नकाशा छापून गेला, मी निवृत्त झाले, रेषा तशीच राहिली. फाटा आहे की नाही, एवढं मला डोळ्यांनी बघायचं आहे. उन्हाळ्यात डॉक्टर गुडघा बदलणार. पुढे सायकल चालवता येईल असं ते छातीठोक सांगत नाहीत.

हात बॅटरीत अडकला तरी लोभ मोकळा आहे. तुझाही असू दे.

तुझी आत्या


१५ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बॅटरी एव्हाना खाली ठेवली असशील अशी आशा आहे.

तुझा कागद भिंतीला लावून पुन्हा पाहिला. माप एकही चुकलेलं नाही. पण आत्या, तू सायकल वरून काढली आहेस. घारीला दिसेल तशी. हँडल, सीट, चाकांच्या दोन रेघा. उंची कुठेच नाही! जन्मभर जग वरून पाहिलेल्या बाईला ते खटकणार नाही. मला खटकायला हवं होतं. पण मी दवाखान्याच्या खाटा करणारा माणूस. गिऱ्हाईक लांबी-रुंदी सांगतं, उंची ठरलेली असते, ती कोणी विचारत नाही. तेव्हा माती दोघांनी मिळून खाल्ली. तुझी भाचेसून तर कागद बघून विचारत होती, ही नदी कुठली.

टाचेचंही तेच. कागदावर सायकल आहे, तू नाहीस. तुझी टाच कुठवर मागे येते ते मला कसं दिसावं? आता बाजूने काढ, आणि सीटवर बसलेली काढ. जेवढी आहेस तेवढीच जाड काढ, लबाडी नको.

बाबांचा निरोप: ताईने बसने जावं, गुडघ्याचे हाल करू नयेत. निरोप पोचवला, माझं काम झालं. मला विचारशील तर तुझं पत्र आल्यापासून तो फाटा माझ्याही डोक्यात घुसला आहे. वेल्डिंग करता करता मध्येच वाटतं, असेल का?

मोठ्यांचा लोभ लहानांवर असतोच. चुकांसकट असावा.

तुझा,
ठोक्या


२७ जानेवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

मला काढता येईना. डोंगर, विहिरी, पायवाटा काढल्या, माणूस कधी काढला नाही. नकाशावर माणसाला खूण नसते.

शेवटी शिंप्याला बोलावलं. सायकल भिंतीला टेकवून मी सीटवर बसले आणि त्याने कापड बेततात तशी माझ्याभोवती खडूने रेघ मारली. मग त्या रेघेची मापं घेऊन हा कागद केला. भिंतीवरची बाई पाठीत वाकलेली आहे. ही कोण, असं मला क्षणभर वाटलं. टाच मात्र चोख आली आहे.

तुझ्या बाबांना सांग, बस पुलापर्यंत जाते. रेषा पुलाच्या पुढे आहे.

वाट बघते. लोभ पार्सलाबरोबर पाठवलास तरी चालेल.

आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नवं कॅरिअर पाठवतो आहे. पेशंटची पाठ उचलायला खाटेला बिजागरी असते, तीच याला लावली. खिटी ओढ, वरचा भाग उचल, बॅटरी काढ. पिशव्या बाजूच्या नळीला टांगलेल्या, त्या हलणार नाहीत. त्यांच्या आकड्या वीतभर मागे नेल्या आहेत, आता दार ठोठावणं बंद.

जड सामान तळाशी घाल. दोन्हीकडे ओझं सारखं ठेव, नाहीतर सायकल एका अंगाला ओढेल. पहिल्या मुक्कामाला सगळे बोल्ट पुन्हा आवळ. हादऱ्याने ते सैल होतात, माझ्या हातचे असले तरी.

खडूच्या बाईचा कागद कारखान्यात लावून ठेवला आहे.

फाटा असला तरी कळव, नसला तरी कळव. लोभात तुटक रेषा नसावी.

ठोक्या


२ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

पोचले. पुलापुढचा रस्ता वाळूचा आहे, मोटर कण्हत होती पण थांबली नाही. डावीकडचा एक बोल्ट सैल झाला होता, आवळला. खाणावळीच्या मालकिणीला बॅटरी काढून दाखवली. तिने कौतुकाने ती बिजागरी स्वतः उघडझाप करून पाहिली.

तडक मुखाशी गेले. भरती होती. या काठापासून त्या काठापर्यंत एकच पाणी. एक फाटा की दोन, काही कळेना. एवढं येऊन पाणी तोंड मिटून बसलेलं. मालकीण म्हणाली, आत्ता ते काही सांगायचं नाही, सकाळी जा.

पत्र चिकटवत नाही. लोभ आहेच, उरलेलं उद्या लिहिते.

आत्या

ता. क. सकाळी ओहोटी होती. फाटा आहे. मी काढला होता त्याच्या बराच उत्तरेला. सायकल काठावर उभी केली, चपला हिरव्या पिशवीत टाकल्या आणि चालत पलीकडे जाऊन आले. पाणी पोटरीपर्यंत होतं.