दादाच्या खात्यावरून

३ फेब्रुवारी, मंगळवार

एक्केचाळीस! महिनाभरात एवढ्या दिग्दर्शकांना त्या कामधंद्याच्या साइटवर मेसेज टाकले — 'नमस्कार, मी चित्रपटांना पार्श्वसंगीत देते, सोबत तीन तुकडे जोडलेत.' तिघांनी अंगठा दाखवला. वर केलेला असला म्हणून काय, शेवटी अंगठाच तो. एकाने विचारलं, 'गाता का?'

आणि आज साइटने स्वतःहून सुचवलं — 'यांना तुम्ही ओळखत असाल.' फोटो दादाचा. निळा शर्ट, गळ्यात हेडफोन. खाली बटण: 'ओळख वाढवा'.

जिन्यात कोसळून गेला, त्याला उद्या आठ महिने. अकरा वर्षं त्याच्या नावाने जे संगीत बाहेर गेलं, त्यातलं निम्मं माझं. चार लोकांत तो बोलायचा, मी मागच्या खोलीत. मलाच तसं हवं होतं. अनोळखी माणूस आला की मी दार लोटून घ्यायचे.

त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. जेवायच्या सुमारास खातं बंद करायला म्हणून आत शिरले. तर सहा दिवसांपूर्वीचा एक मेसेज. एक माहितीपट करणाऱ्या बाई. त्यांच्या शहरातला जुना पोहण्याचा तलाव कायमचा बंद झाला. तिथल्या जीवरक्षकाचा शेवटचा आठवडा त्यांनी चित्रित केलाय. 'तुमचं काम ऐकलंय. वेळ आहे का?'

खातं बंद केलं नाही.

४ फेब्रुवारी

उत्तर दिलं. 'वेळ आहे. फिल्म पाठवा, बघतो.'

पाठवल्यावर हात धुतले. का, कोण जाणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

बावीस मिनिटांची फिल्म. सहा वेळा पाहिली. म्हातारा जीवरक्षक पाणी काढून टाकलेल्या तलावाच्या तळाशी उतरतो, मधोमध उभा राहून शिट्टी वाजवतो. कोणी नाही, पाणी नाही, तरी सवयीने सगळीकडे नजर टाकतो. तिथे मी पियानोचा एकच स्वर ठेवला आणि विरेपर्यंत दुसरा वाजवलाच नाही.

दादा म्हणाला असता, 'भर जरा, भर, लोक झोपतील.'

भरलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा फोन, गावाहून. इकडचं तिकडचं झाल्यावर — "आज दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता गं."

त्याच्या चाली ऐकायला म्हणून तिने शेजारणीकडून त्या साइटवर खातं उघडून घेतलंय, हे मी साफ विसरले होते.

"साइटचं काहीतरी बिघडलं असेल, आई."

"असेल. दुपारभर होता मात्र."

रडली नाही. आवाज अगदी साधा. त्याचीच जास्त भीती वाटली.

१३ फेब्रुवारी

तो ठिपका लपवायची सोय सापडली. एक बटण. दाबलं नाही. आईसाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो हिरवा दिसला की मलाही बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी

साइटने जाहीर केलं — दादाच्या कारकिर्दीला बारा वर्षं पूर्ण! छत्तीस जणांनी अभिनंदन केलं. 'असेच पुढे जात राहा!' एकाने विचारलं, 'बऱ्याच दिवसांत गाठ नाही, सध्या कुठे?'

सध्या कुठे.

एवढ्या सगळ्यांशी ओळख होती, आणि तो गेल्याचं एकालाही माहीत नाही. मीच कुणाला कळवलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी संगीत पाठवलं. तासाभरात बाईंचं उत्तर — 'तळाच्या प्रसंगाला रडले. तुमचं जुनं कामही ऐकलंय, पण हे दुसऱ्याच माणसाचं वाटतं!' पुढे त्यांनी वडिलांबद्दल लिहिलं. तोच तलाव, वडिलांनी पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवलं, आणि हात कधी काढला ते कळलंच नाही. मोठा मेसेज. अशी गोष्ट कोणी मला कधी सांगितलेली नाही.

मी लिहिलं, 'आमच्याकडे थेट ढकलून द्यायचे. वाचला तो पोहणारा!' त्या खूप हसल्या म्हणे. हा विनोद माझा नाही. मी असले विनोद करतच नाही. बोटांतून आपोआप उतरला, दादाच्याच थाटात.

संध्याकाळी आई — "आज लवकर आला होता. दुपारनंतर दिसलाच नाही. बरं आहे ना सगळं?"

"आई, तो नाहीये."

"कोण नाहीये ते माहितीये मला," असं म्हणाली आणि फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी

बाईंना व्हिडिओवर बोलायचंय. कॅमेरा बिघडलाय, असं मी कळवलं. दुसरं त्यांनी विचारलं — श्रेयनामावलीत नाव कसं लिहू?

दादाचं नाव टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं.

३ मार्च, मंगळवार

बाईंना फोन केला. माझ्या आवाजात. सगळं सांगितलं, न थांबता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग — "म्हणजे इतके दिवस मी कोणाशी बोलत होते?"

"माझ्याशी."

"आणि तो ढकलून द्यायचा विनोद?"

"त्याचा. म्हणजे... त्याने केला असता तसा."

"मी तुम्हाला वडिलांबद्दल लिहिलं. गेलेल्या माणसाच्या आड बसून वाचलंत तुम्ही ते."

चुकलं म्हणाले. कोरडं वाटलं, मलाच.

"संगीत ठेवतेय," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाहीये. नाव तुमचं द्या. पण यापुढे माझ्याकडे काम मागू नका."

एकच दार उघडलं होतं. तेही माझ्याच हाताने लावून घेतलं.

४ मार्च

नाव पाठवलं. माझं. पाच मिनिटं लागली टाइप करायला.

छत्तीस जणांनाही कळवलं — दादा गेला.

८ मार्च, रविवार

दुपारी त्याचं खातं बंद करायला बसले. साइटने विचारलं — 'अनोळखी व्यक्तींचे न वाचलेले मेसेज आहेत, पाहायचे?' तो कप्पा मी कधी उघडलाच नव्हता. एकोणीस. सगळे एकाच व्यक्तीचे. आईचे.

पहिला ३ फेब्रुवारीचा, मी प्रथम आत शिरले त्यानंतर वीस मिनिटांनी — 'जेवलीस का?'

४ फेब्रुवारी — 'बाळ, जेवलीस का?'

१२ फेब्रुवारी — 'फोनवर विषय काढून पाहिला. तुला सांगायचं नव्हतं, मग मीही ताणलं नाही. जेवलीस का?'

शेवटचा आत्ताचा, दोन मिनिटांपूर्वीचा. तेच दोन शब्द.

त्याच खात्यावरून लिहिलं — 'नाही जेवले अजून.'