आईला दिसते ती बोट

बुधवार, संध्याकाळ

बाबांचं फोनवर परत तेच. दुबईच्या बोटीवर पगार जास्त हाय, मग हीच बोट काय धरून बसलायस, म्हणे. मला कळत नाही का? करार संपतोय. परत हीच बोट की दुसरी, ते उद्या बोटीवरच्या ऑफिसात सांगायचंय.

पण ही मुंबईतून सुटली की आमच्या उरणच्या समोरून जाते. मला उतरायला मिळत नाही, म्हणून आई किनाऱ्यावर येऊन उभी राहते. काल फोनवर म्हणाली, "तू पांढऱ्या शर्टात व्हतास ना रं? मी हात केला, तू पन केलास."

मी हो म्हणालो. सहा महिने हो म्हणतोय. ती हात करते तेव्हा मी खाली लाँड्रीत कामावर, चादरींच्या ढिगात असतो, तिथं खिडकीच नाही. तो पांढऱ्या शर्टातला कोण, देव जाणे. इतक्या लांबून तिला शर्ट तरी दिसतो का?

हीच बोट घेणार. सुपरवायझरला सांगून ठेवलंय, उरण आलं की दहा मिनिटं मला वर सोड, तुझे कपडे मी इस्त्री करीन. बाबांना म्हटलं, आईला चष्मा करा. चष्मा आला की वर मीच पाहिजे. घरचे पंधरा, चष्म्याचे तीन, अठरा हजार पाठवतोय.