भिंगरीनं आणलेला पंप

३ मार्च, मंगळवार

नाक कापलं गेलं! रविवारच्या शर्यतीत, सगळ्यांसमोर. भिंगरी सरळ पट्ट्यात पुढे होती, गाडी सुसाट — आणि ऐन वेगात आचके द्यायला लागली. शेवटून दुसरी आली. चालवणारी भिंगरी माझी लेक, इंजिन मी बांधलेलं. तोंड लपवायचं काम अर्थात माझंच.

आज उघडून बघितलं. दोष शोधायला वेळ लागला नाही. इंजिन वाढवलं, कार्ब्युरेटर मोठा बसवला, पेट्रोलचा पंप मात्र तोच जुना, इंजिनच्या जोरावर चालणारा. तो बिचारा किती पुरा पडणार? वेग वाढला की कार्ब्युरेटर कोरडा. भिंगरी एवढंच म्हणाली, "बाबा, इलेक्ट्रिक पंप लावू या." चिडली असती तर बरं वाटलं असतं.

५ मार्च

पंप मीच निवडणार, असं ठणकावून सांगितलं. दुकानदार मलाच शिकवायला लागला — "कार्ब्युरेटरला पेट्रोल भरपूर लागतं, पण प्रेशर कमी. हल्लीच्या गाड्यांचा पंप लावलात तर उतू जाईल बघा." अरे, तू चड्डीत होतास तेव्हापासून मी हेच करतोय! त्याच्याकडचा भारीतला घेतला. "चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही," असं तो कौतुकानं म्हणाला. मीही मान डोलावली.

कशाला डोलावली? कानांचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. डावा तर गेल्यातच जमा आहे, उजवा कसाबसा. बायकोलासुद्धा पत्ता नाही. टीव्हीच्या आवाजावरून ही भांडते, मी रिमोटवर ढकलतो. बॉनेट न उघडता इंजिनचं दुखणं सांगणारा म्हणून माझं नाव. कुठल्या तोंडानं सांगू?

८ मार्च, रविवार



पंप मागे टाकीजवळ बसवला, प्रेशर आवरायला रेग्युलेटर लावला, सगळं नीट. किल्ली फिरवली. कान देऊन ऐकलं — काही नाही. पंप चालतच नाहीये म्हटलं. पेट्रोल पुढे येतंय का बघावं म्हणून कार्ब्युरेटरजवळचा नळीचा जोड सैल केला.

पंप चालू होता! पेट्रोलची चिळकांडी उडाली. मागून धावत आलेल्या भिंगरीच्या डोळ्यांत गेली, इंजिनवर गेली. शेजारच्या शेडमधला वेल्डर काम टाकून आग विझवायचा सिलिंडर घेऊन पळत आला. गाडीनं पेट घेतला असता तर... लिहवत नाही.

वेल्डर म्हणतो, "अहो, पोरगी केव्हाची ओरडत होती, चालू आहे, सोडू नका म्हणून!"

आणि मी काय म्हणालो? "पंपच खराब आहे. मधेच चालतो, मधेच बंद पडतो." धडधडीत खोटं! भिंगरी नळाखाली डोळे धूत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "हो, असेल बाबा. मी बदलून आणते."

९ मार्च

डोळे बरे आहेत तिचे. लाल आहेत अजून. मी समोर जायचं टाळलं.

१० मार्च

आणला पंप! बोजड, ओबडधोबड, आणि आवाज — किल्ली फिरवली तर शेड दणाणली. वेल्डरनं तोंडावरची ढाल वर करून बघितलं. माझं डोकंच फिरलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी बोललो. "पंप आणायला पाठवलं होतं, पिठाची गिरणी नाही! डोकं काय घरी ठेवून गेली होतीस?"

ती नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. हल्ली सारखी तिथेच घुटमळते, पान्यांचा ट्रे पायात येतो तरी. म्हणाली, "प्रेशर बरोबर आहे, पेट्रोल पुरतंय. मग झालं की, बाबा."

पुरतंय, हे खरं. आणि आवाज ऐकू येतो! कार्ब्युरेटर भरला की तो जरा जड होतो. मी लांबूनच "भरला" म्हणालो. वेल्डर म्हणतो, "कान अजून तयार आहेत हां तुमचे!" मी फुशारून गेलो. पोरीला बोललेलं मागे घ्यायचं मात्र राहिलं.

१४ मार्च, शनिवार

नळीच्या क्लिपा आणायला दुकानात गेलो होतो. दुकानदार हसायला लागला. "तुमची मुलगी अजबच! सगळे विचारतात, कमी आवाजाचा कुठला. हिनं एकेक पंप चालवून दाखवायला लावला, बाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली, आणि जास्तीत जास्त बोंबलणारा घेतला. शांत पंपात काही दोष निघाला का विचारलं, तर म्हणाली, छे, तो उत्तम आहे."

क्लिपा तिथेच विसरलो. घरी ती जेवत होती. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. मीठ मागितलं आणि जेवून उठलो. शी!

१५ मार्च, रविवार

शर्यतीसाठी गाड्या रांगेत लागल्या. भिंगरीनं किल्ली फिरवली, पंप बोंबलला, आवाज जड झाला. खिडकीत वाकलो आणि बोलून टाकलं — "पोरी, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

हेल्मेटचा पट्टा आवळत ती म्हणाली, "म्हणून तर मी उजवीकडे उभी राहते."