कोऱ्या पाण्यातलं शिखर

३ मार्च, सकाळी ९
आजपासून शिस्त. आमचं यंत्र नळीतून मिश्रण पाठवून त्यातली द्रव्यं वेगळी करतं. शेवटी निळा लेसर पडतो. द्रव्य चमकलं की पडद्यावर शिखर उमटतं. आत्तापेक्षा दहापट कमी औषध पकडून दाखवायचं आहे. एकवीसला साहेब बघणार. जमलं तर यंत्र माझं, नाहीतर शेजारच्या लॅबला. जमणारच. सगळ्या बाटल्यांची लेबलं स्वतः पिवळ्या हायलाइटरने रंगवली. इथे व्यवस्थित असा मी एकटाच.

७ मार्च
लेसर नीट बसवला. बाहेरचा उजेड काळ्या कापडाने अडवला. आठपट! आभाराच्या भाषणाला सुरुवात. ग्लोव्ह्ज मात्र नकोत, हात बसत नाही.

१० मार्च
दहापट. पण नुसत्या पाण्यातही, जिथे रेघ सपाट हवी, चौथ्या मिनिटाला शिखर. सहायिकेला सांगितलं, हँडक्रीम बंद. म्हणाली, ती क्रीम लावतच नाही. उद्धट.

१२ मार्च
पाणी बदललं. नव्या बाटलीवर 'शुद्ध' लिहून दोनदा पिवळं केलं. शिखर दुप्पट. पाणी पुरवणाऱ्यांना खरमरीत पत्र.

१४ मार्च
शेजारच्या लॅबवाल्याचं कारस्थान. दोनदा डोकावून गेला. साखर मागायला म्हणे.

१५ मार्च
ताप. घरी. सहायिकेचा फोन: आज रेघ एकदम सपाट. मी म्हटलं, लेसर लावायला विसरली असशील.

१८ मार्च
कामावर हजर. शिखरही हजर. घरी बायकोची कटकट, उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग कसले. तिला विज्ञानातलं काय कळणार.

२० मार्च
ठरलं. उद्या चौथ्या मिनिटाला साहेबांना चहा द्यायचा.

२१ मार्च, दुपारी
साहेब चहा घेत नाहीत. चौथ्या मिनिटाला पडद्यावर वाकले. सहायिकेने माझ्या हातांवर निळा टॉर्च धरला. दहाही बोटं बाटल्यांच्या लेबलांसारखी पिवळी झगझगली. कपाळावरही एक ठसा. साहेब म्हणाले, यंत्र दहापट तल्लख झालंय यात शंका नाही, तुम्हाला बरोबर पकडलं. यंत्र इथेच राहणार. सहायिकेच्या ताब्यात. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ५
तिने दारावर पेन्सिलीने लिहिलंय: आत येण्यापूर्वी हात दाखवा. साबणाने तीनदा धुऊन गेलो. दाखवले. तिने परत पाठवलं.