संग्रामपूर कोर्टाला अधिकार नाही

३ जानेवारी, शुक्रवार
संताप. नुसता संताप. शरयूने वसुलीचा अर्ज टाकला. पोटगीचा आदेश होऊन वर्ष झालं, मी एक रुपया भरला नाही, यावरून कुठल्याही शहाण्या बायकोने ओळखलं असतं की नवऱ्याचा या आदेशाला तात्त्विक विरोध आहे. पण ओळखेल ती शरयू कसली. म्हणून तर ती लेकीला, मधूला घेऊन सोनाळ्याला माहेरी बसली आहे आणि मी संग्रामपुरात मेसचा डबा खातो आहे.
नव्या वर्षाचे संकल्प: चिडायचं नाही. पैसे द्यायचे नाहीत. सकाळी फिरायला जायचं.

६ जानेवारी
फिरायला गेलो नाही. थंडी.
गुलाबराव वकिलांकडे गेलो. म्हणतात, सर, थोडे थोडे भरून टाका, नाहीतर वॉरंट निघेल. वकील आहे की पोस्टमन? मी म्हटलं, मी मध्य प्रदेशात राहायला गेलो तर? म्हणे, माणूस जिथे सापडेल तिथे वसुली होते.
नऊ वर्षं मी 'आल्हाद सर करिअर अकॅडमी'त भरतीच्या पोरांना राज्यघटना शिकवतो. पोलीस हा राज्यसूचीतला विषय. आपल्या राज्याच्या पोलिसाचा दुसऱ्या राज्यात काय संबंध? एवढी साधी गोष्ट यांना एलएलबीला शिकवत नाहीत. वकिलांना काढून टाकलं. फी मागत होते. तीही दिली नाही.

९ जानेवारी, बुऱ्हाणपूर
सिंधूमावशीकडे मुक्काम हलवला. आता मी परराज्यातला माणूस. इथून कोर्टाला सहा पानी अर्ज पाठवला: मी बेरोजगार आहे, महाराष्ट्रात राहत नाही, सबब संग्रामपूर कोर्टाला अधिकार नाही. घटनेतली अकरा कलमं घातली. दोन-तीन या विषयाची नसतील, पण वजन पडतं. पोस्टातून बाहेर पडताना वाटलं, आपण वकीलच व्हायला हवं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
मधूला फोन केला. शरयूने उचलला. तीळगूळ राहिला बाजूला, लगेच गाऱ्हाणं: पैसे नाहीत म्हणून व्हॅन बंद केली, पोर पायी शाळेत जाते. मी सांगितलं, चालणं तब्येतीला चांगलं. तिने फोन ठेवला. याला म्हणतात उद्धटपणा.
मधू स्वतःहून कधी फोन करत नाही. आठ वर्षांच्या मुलीला बापाची आठवण येऊ नये? आईने भरवलंय तिला माझ्याविरुद्ध. हे मात्र लागतं मनाला. असो. मोठी झाली की कळेल, बाप तत्त्वासाठी लढला.

२२ जानेवारी
मावशीचा स्वभाव बदलला आहे. पहिले दोन दिवस शिरा केला, आता सकाळी दूध, दुपारी दळण, संध्याकाळी गॅसचा नंबर. आज म्हणाली, "आल्हाद, अजून किती दिवस राह्यतं बाबू? देऊन टाक न तिचे पैसे."
रक्ताची माणसंही शत्रूला सामील.
ऑनलाइन क्लास गच्चीवरून घेतो. मूलभूत हक्क शिकवत होतो, रेंज गेली. परत आली तेव्हा एकच पोरगा शिल्लक होता. तोही झोपलेला.

३१ जानेवारी
शेवटी एक बरी बातमी. माझी विद्यार्थिनी समता पोलीस झाली. सोनाळ्याचीच. ट्रेनिंग संपवून आपल्याच ठाण्यात रुजू झाली. क्लासला ती दोनच आठवडे आली होती, मग फी परवडेना म्हणून घरी अभ्यास केला, पण पाया माझा.
निकाल लागला की सत्कार करावाच लागतो. नाहीतर समोरचा क्लासवाला करतो आणि विद्यार्थी आपला असल्याचं सांगतो. मागच्या वर्षी त्याने माझा एक तलाठी असाच पळवला. तेव्हा ठरलं: आपल्या संग्रामपूर तालुक्यातलंच वरवट बकाल, १६ फेब्रुवारी. धोका आहे का? शांतपणे विचार केला. १६ला रविवार. रविवारी कोर्ट बंद. कोर्ट बंद म्हणजे अधिकारही बंद.

८ फेब्रुवारी
चार चौकांत फ्लेक्स लागले. माझा फोटो कमरेपर्यंत, हाताची घडी, गॉगल. समता खालच्या कोपऱ्यात. 'हाऊसफुल्ल बॅचेसची परंपरा. सरांची प्रत्यक्ष उपस्थिती. रविवार, सकाळी ११. नवीन बॅचचे प्रवेश जागेवरच.' एक फ्लेक्स सोनाळ्याला, शरयूच्या घरासमोरच्या खांबावर लावायला सांगितला. रोज उठून बघू दे कोणाला सोडलं ते.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
हे ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे.
कार्यक्रम सुंदर झाला. मी 'कायद्यापुढे सर्व समान' यावर पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. समताला शाल, नारळ दिला. तिने माझे आभार मानले. प्रवेशाला पालकांची रांग लागली, बॅग भरली. मग समताने शालीची घडी केली, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, वारंट हाय तुमच्या नावाचं. साहेबांनं मलेच पाठवलं. जेवून घ्या, मंग जाऊ."
मी राज्यसूची काढली. ती ऐकून घेत होती. पोरगी पहिल्यापासून शांत.
"हो सर. पण हे वरवट बकाल हाय."
जेवलो नाही. निषेध म्हणून. जीपमध्ये पुढे बसायला मागितलं, ते मिळालं. लोकांना वाटलं मिरवणूक आहे. एका पालकाने हार घातला. मी हात हलवला, दुसरं काय करणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळ
कोर्टात माझा मुद्दा मीच मांडला. गुलाबराव मागच्या बाकावर बसून ऐकत होते. बरं झालं, म्हटलं, शिकतील. मी बोलायचा थांबलो तेव्हा न्यायाधीश मॅडमनी विचारलं, आपण आत्ता कुठे उभे आहात?
मी म्हटलं, न्यायालयात.
कोणत्या गावी?
संग्रामपूर.
मग त्यांनी शरयूने दाखल केलेला फ्लेक्सचा फोटो पुढे केला आणि विचारलं, यातले बेरोजगार कोणते? लोक हसले. न्यायालयात हसतात, या देशाचं काय होणार?
पैसे किंवा तुरुंग. प्रवेशाची सगळी बॅग रिकामी झाली. पावतीवर सही करताना पेनाची निब मोडली, इतका राग.
बाहेर व्हरांड्यात शरयू उभी. बरोबर मधू, शाळेच्या गणवेशात. दिवसा घरचे सगळे शेतात, बघायला कोणी नसतं, म्हणून प्रत्येक तारखेला येते म्हणे. मी तारखांना आलोच नव्हतो, मला काय माहीत. उंच झाली आहे. मला पाहिलं आणि पळत येऊन बोट धरलं. मी वाकलो. ती कानात म्हणाली, "पप्पा, पुढच्या महिन्याचे पैसे नका भरू."
भरून आलं. सहा पानांत जे कोर्टाला कळलं नाही ते माझ्या लेकीला कळलं. मी शरयूकडे बघितलं, गुलाबरावांकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं, का गं बेटा? सांग सगळ्यांना.
"भरले तं मंग तुम्ही इथं कायले येसान?"
गुलाबराव चष्मा पुसत बसले. शरयूने दप्तर खांद्याला लावलं, सोनाळ्याची बस लागली होती. मधूने बोट सोडलं नाही, म्हणून मीही स्टँडपर्यंत चालत गेलो.