रेन्फ्रो बाईंनी बीन्स दोनदा वाढून घेतले

१३ ऑक्टोबर
डॉक्टरने ही वही रक्तदाब लिहायला दिली. रक्तदाब काही पळून जात नाही, आधी टॅन्सीचं. नात माझी, मला मॅमॉ म्हणते, माझ्याकडेच वाढली. शाळेचं शेवटचं वर्ष. उंची पाच फूट अकरा, तिनातले दोन चेंडू जाळीत. आपल्या गावच्या कॉलेजात बास्केटबॉलची नवी कोच आलीय, रेन्फ्रो बाई. संघात घ्यायची पोरगी बघायला गुरुवारी घरी येणार. टॅन्सी इथेच खेळणार, इथेच शिकणार, इथेच राहणार. मला सोबत नकोय. पायऱ्यांवरचा बर्फ कोण काढणार, एवढाच प्रश्न.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
बाई आल्या. बीन्स, मक्याचा ब्रेड, सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक. बीन्स दोनदा वाढून घेतले. विषय संपला. जुना कोच तीस वर्षं या खोऱ्यातल्या घरोघरी जेवला. जिथे दोनदा घेतलं, तिथली पोरगी त्याने घेतलीच. टॅन्सी म्हणते, मॅमॉ, पण बाईंनी शब्द कुठे दिला? म्हटलं, तोंडात घास असताना कसा देतील? जाताना बाई म्हणाल्या, माझी पद्धत वेगळी आहे, विश्वास ठेवा. ठेवला.

४ नोव्हेंबर
ओहायोच्या कुठल्याशा छोट्या कॉलेजच्या कोचचा फोन. फी माफ, राहणं-खाणं फुकट, पोरगी पाठवा म्हणाला. चार तासांवर! हा माणूस आपल्या घरी पाणीसुद्धा प्यायलेला नाही. सांगितलं, बाबा रे, पोरगी ठरली. टॅन्सीला सांगायचं राहिलं. सांगेन.

२० नोव्हेंबर
बाईंचा फोन नाही. कामात असतील. शेजारचा हर्शेल कुंपणावरून मला नावाने हाक मारून म्हणतो, ऑटी, तुझी ती कोच शाळेतल्या पोरी घेतच नाही. दुसऱ्या कॉलेजांना कंटाळलेल्या, बावीस-बावीस वर्षांच्या घोड्या फोनवरच्या यादीतून उचलते. म्हटलं, तू तीन बायका यादी न बघता केल्यास, एक तरी टिकली का?
नियम: आजपासून फोनकडे बघायचं नाही. दुपारी चारपर्यंत पाळला.

११ जानेवारी
कॉलेजचा सामना बघायला गेले. हरले. बाईंना केक दिला. किती गोड आहात म्हणाल्या, आणि नाव विचारलं. माझं. एवढ्या गर्दीत कुणीही विसरेल.
गुडघे दुखतायत.

१७ फेब्रुवारी
बर्फ. मी उठायच्या आत टॅन्सीने पायऱ्या साफ केल्या. पुढच्या हिवाळ्याचीही लाकडं रचून ठेवलीत. एवढी घाई कशाला, कोण जाणे. वळण चांगलं लावलंय मी.

४ एप्रिल
पेपरात फोटो. रेन्फ्रो बाई आणि पाच नव्या पोरी. पाचही दुसऱ्या कॉलेजांतल्या. एकीच्या बोटात साखरपुड्याची अंगठी.
पेपर चुलीत घातला. मग टॅन्सीला ओहायोच्या फोनचं सांगून टाकलं. ओरडेल वाटलं होतं. शांतपणे म्हणाली, मॅमॉ, त्या कोचने दुसऱ्याच दिवशी मला शाळेत फोन केला. आजी म्हणतात तू ठरलीस, खरं का, म्हणून. अठरा पूर्ण झाल्यावर जानेवारीत त्यांच्या कॉलेजच्या कागदांवर मीच सही केली. तू इतकी आशा लावून बसलेलीस, सांगवेना.
मला आशाबिशा नव्हती. बीन्स शिजवले होते, एवढंच.

१८ ऑगस्ट
टॅन्सी गेली. डबा विसरली. हर्शेलला दिला.

२५ ऑगस्ट
रेन्फ्रो बाईंचा फोन! दहा महिन्यांनी. म्हणाल्या, नव्या पोरी घरच्या जेवणाला आसुसल्यात, तुमचे ते बीन्स मी अजून विसरले नाही. बीन्स लक्षात आहेत. चार शब्द सुनावायचे, असं एप्रिलपासून ठरवून ठेवलं होतं. रविवारी या म्हटलं.

३१ ऑगस्ट
पाच जणी आल्या. अंगठीवालीने तीनदा वाढून घेतलं. त्याला काही अर्थ नसतो.
रक्तदाब १६८, खालचा ९४.